पाळण्याची जाळी आणि आत्यांचा खडू

आमच्या घरात जागोजागी खडूचे तुकडे सापडतात. नवरा शाळेत मास्तर आहे, म्हणून असेल, असं पाहुण्यांना वाटतं. तो पीटी शिकवतो आणि पीटीच्या मास्तरला खडूचं काय काम, हा विचार कोणी करत नाही. त्याच्याजवळ फक्त शिट्टी असते. खडू आत्यांचा.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या माहेरी, नातेपुत्याकडे, सासूला आत्याच म्हणतात, मग आधीचं नातं असो वा नसो. सोलापुरात भवानी पेठेत नांदायला आल्यावरही मी ती सवय सोडली नाही. आत्या टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होत्या. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, वरून कापड सरकत जायचं आणि आत्या त्यावर नजर लावून उभ्या. धागा तुटलेला दिसला, भोक दिसलं, की खडूनं त्याभोवती गोल काढायचा आणि मग सुईनं ते भोक असं बुजवायचं की विणणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये. सगळा जन्म हेच काम केल्यामुळे त्यांना जगही त्याच टेबलावरून दिसायचं. भिंतीचा पोपडा निघाला, काढला गोल. पातेल्याचा कान हलायला लागला, काढला गोल. एकदा नवऱ्याच्या शर्टाची शिवण पाठीवर उसवली होती, तर शर्ट त्याच्या अंगात असतानाच त्यांनी खूण केली. तो तसाच शाळेत गेला आणि पोरांनी दिवसभर त्या गोलावर रबरी चेंडूनं नेम धरला.

मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक येतो का ते विचारलं नाही. मी पोह्यांची बशी द्यायला वाकले, तर त्यांनी माझा पदर दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडाकडे केला आणि म्हणाल्या, चांगला हाय. आतल्या खोलीत माझ्या आईनं लगेच साखर वाटायला घेतली. त्या फक्त कापडाबद्दल बोलत होत्या, हे आम्हाला लग्नानंतर कळलं.

अशा बाईच्या हाताखाली मी अनेक वर्षं संसार केला. त्यांनी माझ्यातले किती फॉल्ट काढले आणि मी त्यांना किती उलट उत्तरं दिली, याचा हिशेब आम्ही दोघींनीही ठेवला नाही. आमचं बरं चाललं होतं.

मग कारखान्यात एकदा माल परत आला. आत्यांच्या टेबलावरून गेलेला माल, आणि त्यात भोकं. आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नव्हता. मालकानं त्यांचा अपमान केला नाही. खुर्ची दिली, चहा पाजला, आता आराम करा म्हणाला. अपमान केला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी आल्या असत्या. त्या घरी आल्या, कमरेची पिशवी काढून खिळ्याला अडकवली. पिशवीत खडू आणि सुया. पुढे ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, डॉक्टरांनी भिंतीवरचं सगळ्यात बारीक अक्षर वाचून घेतलं. पण पिशवी खिळ्यावरून खाली आली नाही.

मी काय काय केलं नाही. काठ फाटलेली साडी नेसून त्यांच्यासमोरून हिंडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टीव्हीकडे पाहिलं. मग मी भाकरीला मधोमध बोटानं भोक पाडून ताटात वाढली. नवरा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. आत्यांनी ती मुकाट्यानं आमटीत कुस्करून खाल्ली. त्यांच्या स्वतःच्या ब्लाऊजचं हुक तुटलं तर त्यांनी तिथं पिन लावली. आमच्या आत्यांनी, पिन. खोट काढणारी सासू जाऊन तिच्या जागी एक शहाणी, गप्प म्हातारी येऊन बसली होती आणि मला ती अजिबात आवडत नव्हती.

आता मी क्रोशा त्यांच्यासाठी शिकले असं लिहिलं तर ही आठवण फार गोड होईल, पण ते खोटं आहे. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. परीक्षेचे फॉर्म संपले की दुपारी तिथं पंखा आणि मी, दोघंच असतो. मोबाईलवर एक बाई पोळपाटाएवढा रुमाल बघता बघता विणताना दिसली आणि मला वाटलं, यात काय अवघड आहे. येताना पेठेतल्या दुकानातून पांढऱ्या सुताची लडी आणि क्रोशाची सुई घेऊन आले. साखळी घालायची, साखळीवर खांब घालायचे, बस्स. घराघरातून मागांचा खडखडाट ऐकू येणाऱ्या गल्लीत मी एका सुईनं खांब उभे करायला लागले.

पहिला बळी टीव्हीचा रिमोट. त्याला मी घट्ट झबलं विणलं. दिसायला सुरेख, पण आत कोणतं बटण कुठे आहे ते कळेना, आणि घरानं बरेच दिवस फक्त शेतीच्या बातम्या बघितल्या. मग फ्रिजच्या हँडलला बाही केली. मिक्सरला टोपी केली. माठावर रुमाल केला, त्याच्या कडेला मणी लावले, ते एकेक करून माठात पडले आणि नवऱ्याच्या ग्लासात एक निळा मणी आला. त्याची शिट्टी मात्र मला मोकळी बघवेना. तिला मी लाल लोकरीचं पांघरूण विणलं. ग्राउंडवर त्यानं ती तोंडात धरून फुंकली तर आवाज आतच राहिला, लोकरीचा तंतू घशात गेला आणि खोखोची दोन्ही टीम त्याच्या पाठीत थापट्या मारत बसली.

शिवणाचंही तेच. पायमशीन घरात होतं. मी टॉवेलचे कटपीस आणून एकावर एक रचून पायपुसणं शिवलं. इतकं भरघोस झालं की दार उघडेना. बाहेरून आलेल्या माणसाला दारातून अर्धं अंग आत घालून ते पायानं बाजूला सारावं लागायचं. उशांचे अभ्रे शिवले तेव्हा चारही बाजूंनी टीप मारली. उशी कुठून घालायची, असं नवऱ्यानं फार नम्रपणे विचारलं. मी म्हटलं, तो अभ्रा नाही, चौकोन आहे. तो चौकोन अजून कपाटात आहे.

शेजारच्या तेलुगू बायका येऊन बघून जायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा दात काढायचा. फक्त आत्या हसत नव्हत्या. पूर्वीच्या आत्यांनी त्या पायपुसण्यावर पांढरे गोल काढून त्याची पार रांगोळी केली असती. या आत्या ते ओलांडून जायच्या.

अशात नणंदेला दिवस गेले. तिचं सासर वेळापूरचं. डोहाळजेवणाला आम्ही सगळे गेलो. तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, मोठी ठसकेबाज बाई. बोलणं गोड आणि त्यात बारीक टाचणी. आम्ही नेलेलं गाठोडं त्यांनी उघडायच्या आधीच हातानं दाबून पाहिलं आणि चारचौघींत म्हणाल्या, सोलापूरचे पाव्हणे म्हटल्यावर चादरच असणार की. होतीही चादरच. लग्नातही चादर दिली होती, दिवाळीलाही. आता बारशालाही चादरच येणार, मग ती आम्ही कुठं ठेवायची, असं त्यांनी हसत हसत विचारलं.

सगळ्या बायका हसल्या. आत्याही हसल्यासारखं करून खाली बघत बसल्या. पूर्वी त्यांनी विहिणीच्या दारावरच्या तोरणाचा एक तरी सुटलेला टाका दाखवून तिचं तोंड बंद केलं असतं. त्यांना गप्प बसलेलं पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, या वेळी चादर नाही. पाळण्यावर घालायची जाळी मी स्वतः विणणार आहे. क्रोशाची. वारा आत जाईल आणि माशी बाहेर राहील.

विहीणबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बघू की.

परतीच्या गाडीत नवऱ्यानं हळूच विचारलं, वारा आत जाणार हे नक्की ना? कारण रिमोटमध्ये बोटही जात नव्हतं.

पण जाळी चांगली होऊ लागली. हे मी स्वतः सांगते म्हणून नाही, खरंच. मोबाईलवरच्या बाईनं चौकोनी घरांची जाळी शिकवली होती. दोन साखळ्या, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब. ओळीखाली ओळ, घराखाली घर. ऑफिसात पंख्याखाली विणायचे आणि घरी आल्यावर पडवीत बसून विणायचे. नणंद बाळंतपणाला आमच्याकडे आली, तिला मुलगी झाली, पाळणा माळ्यावरून खाली आला, तेव्हा जाळी जवळजवळ पुरी होत आली होती. बारसं सव्वा महिन्यानं धरलं होतं. उन्हाळा तापला होता. मुलीच्या कपाळावर घामोळं उठलं तर सगळी माझ्या जाळीची वाट बघायला लागली.

आत्या नातीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायच्या. विणताना जाळी माझ्या गुडघ्यावरून खाली लोंबायची आणि पाठीमागच्या दारातला उजेड तिच्यातून यायचा. अगदी काचेच्या टेबलासारखा. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. एवढंच दिसायचं की आत्या बाळाकडे कमी आणि जाळीकडे जास्त बघतात. एकदा त्या म्हणाल्या, "हे आसंच ठिवणार हाय तू?"

मी म्हटलं, जाळी आहे ती आत्या, अशीच असते.

त्या म्हणाल्या, "लई भोकं हायत."

बस्स, तेवढंच. पण कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्या कामात खोट काढली होती. मला इतका आनंद झाला की त्या ओळीत माझे खांब चुकले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून घरी आले. नणंद आणि बाळ आत झोपले होते. पडवीत आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर माझी जाळी, आणि त्यांच्या हातात सुई. खिळ्यावर पिशवी नव्हती. माझ्या जाळीच्या एका कडेची कितीतरी घरं गेली होती. म्हणजे फाटली नव्हती, बुजली होती. प्रत्येक घरात त्यांनी आडवे धागे भरून, त्यांतून उभे धागे खालीवर घालून रफू केला होता. जिथून वारा जायचा होता तिथं आता मुंगीही गेली नसती. आणि उरलेल्या जाळीवर खडूचे गोल, ओळीनं, एकाखाली एक.

मला जे वाटलं ते आधी लिहिते. मला वाटलं, ओरडावं. इतक्या दुपारी, इतक्या संध्याकाळी, बोटाला पडलेला घट्टा, विहिणीसमोर मारलेली फुशारकी, सगळं त्या सुईखाली गेलं होतं. तोंडही उघडलं मी. तेवढ्यात आत्यांनी सुई डोळ्यांसमोर धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला. लाळ न लावता, डोळे बारीक न करता. त्यांच्या चष्म्यावर खडूची धूळ बसली होती आणि ओठ मुडपलेले होते. त्या कारखान्यात जायच्या तेव्हा असेच ओठ मुडपून जायच्या.

आता जर मी म्हटलं की ही भोकं नाहीत, ही जाळी आहे, तुम्हाला कळलं नाही, तर काय होणार ते मला लख्ख दिसलं. परत माल आला. परत खुर्ची, परत चहा. पिशवी खिळ्यावर जाणार आणि या खेपेला कायमची.

मी तोंड मिटलं. आत गेले, चहा टाकला, आत्यांच्या शेजारी कप ठेवला आणि विचारलं, दोरा पुरेल का आणखी आणू?

"आण," त्या म्हणाल्या. वर बघितलंही नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात असा कारभार चालला की वेड्यालाही हसू यावं. मी एका टोकाला भोकं करत होते आणि त्या दुसऱ्या टोकानं ती बुजवत येत होत्या. मला घाई, कारण जाळी पुरी करायची. त्यांना घाई, कारण जाळी पुरी करायची. नवऱ्यानं एक दिवस दारात उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं की हे नक्की काय चाललंय. मी त्याला सांगितलं, की तू जर एक शब्द काढलास तर तुझ्या शिट्टीला पुन्हा पांघरूण विणीन. तो मूग गिळून गप्प बसला. नणंदेलाही मी तंबी दिली. ती बाळंतीण, तिला हसू आवरत नव्हतं आणि हसलं की टाके दुखत होते, त्यामुळे तिनं मला खूप शिव्या दिल्या.

आणि आत्या परत आल्या. एका सकाळी मी डबा घेऊन निघाले तर मागून हाक, खांद्यावरची शिवण बघ. त्याच दिवशी पायपुसण्यावर गोल निघाला. संध्याकाळी आमटीत मीठ कमी होतं हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी उलट उत्तर दिलं आणि मग मोरीत जाऊन थोडी रडले. आनंदानं रडले, हे स्पष्टच लिहिते, कारण आमच्याकडे कोणाला ते खरं वाटत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी आत्यांनी जाळी घडी करून पाळण्यात ठेवली. जाळी कसली, गोधडीच ती. दुपारी त्या जेवून आडव्या झाल्यावर मी ती उलगडून पाहिली. काम बघून मी तोंडात बोट घातलं. माझ्या खांबांच्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत त्यांचं विणलेलं कापड, टिकलीएवढं टिकलीएवढं. मी ती दाराच्या उजेडात धरली. आणि खालच्या कोपऱ्यात, उजेडाचा एक ठिपका दिसला.

एक घर राहिलं होतं.

बाकी सगळं बुजवलं आणि एक नजरेतून सुटलं. म्हणजे डोळे अजून तसेच आहेत. विहीणबाई उद्या येणार, हातात घेणार, उजेडाला धरणार, आणि त्यांच्या टाचणीला तोच ठिपका सापडणार. चारचौघींत. आत्यांच्या हातून पुन्हा एक भोक सुटलेलं. नाही, ते होऊ द्यायचं नव्हतं. मी आत्यांच्या पिशवीतूनच सुई काढली. त्या घोरत होत्या. मी पाळण्याच्या आडोशाला बसून, माझ्याच हातानं घातलेलं घर, माझ्याच हातानं बुजवायला घेतलं. रफू मला येत नाही. आडवे धागे भरले, उभे घातले, कुठे दोन चुकले, कुठे गाठ बसली. शेवटी ते घर बंद झालं. जखमेवर पट्टी बांधल्यासारखं दिसत होतं, पण उजेड येत नव्हता. मी घडी घातली, कोपरा आत दडपला, सुई जागेवर ठेवली.

बारशाला विहीणबाई आल्या त्या जरीच्या काठाची साडी आणि टाचणी घेऊनच. पाळणा फुलांनी सजवलेला, त्यावर पांघरूण. त्यांनी बाळाला पाहिलं, तोंडभर कौतुक केलं, आणि मग पांघरुणाचा काठ उचलून म्हणाल्या, "जाळी करणार होता न्हवं?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय उत्तर देणार हे त्यांना माझ्या तोंडावरून वाचायचं होतं, असं मला वाटलं.

मी म्हटलं, ही सोलापुरी पद्धत आहे. आधी जाळी घालायची, मग ती आतून भरायची. जाळी काय, कोणीही करतं. भरणारा हात लागतो, आणि तो आमच्या आत्यांचा आहे.

विहीणबाईंनी पांघरूण दोन्ही हातांनी वर केलं. दारातून ऊन येत होतं. त्यांनी ते उन्हासमोर धरलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बघितलं, उलटं करून पाठ बघितली. पाठ पुढच्यासारखीच होती. शेवटी त्या म्हणाल्या की असलं काम त्यांनी पाहिलं नाही, आणि त्यांच्या धाकटीच्या वेळेला असंच एक मिळेल का. मी मनात उडी मारली.

तेवढ्यात आत्यांनी हात पुढे केला. त्यांना माल दुसऱ्याच्या हातात फार वेळ बघवत नाही. त्यांनी पांघरूण घेतलं आणि सवयीनं काठावरून बोटं फिरवत नेली. खालच्या कोपऱ्याशी बोटं थांबली. माझ्या गाठीवर.

त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, खडू काढला, आणि वेळापूरच्या सगळ्या बायकांसमोर, बारशाच्या पांघरुणावर, माझ्या रफूभोवती एक पांढरा गोल काढला.

"हे माजं न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणी केलं?"

मी वाकून म्हटलं की आत्या, एक राहिलं होतं, म्हणून मी. आवाज खाली ठेवला होता, विहिणीला जाऊ नये म्हणून.

"राहिलं न्हवतं. ठिवलं होतं." त्यांनी आवाज खाली ठेवायची काही तसदी घेतली नाही. "मला जाळी कळत न्हाय व्हय? माज्या रुखवतात जाळीचाच रुमाल होता. पर भोक दिसलं की हात थांबंना. पयलं बुजवलं तवा म्हनलं, आता ही वरडंल. तर तू च्या आणून ठिवलास."

त्या पुढे म्हणाल्या, "समदी जाळी तुजी, आन समदी मी खाल्ली. म्हनलं, एक तरी तिची ऱ्हाऊ दी. तर तीबी तूच बुजवलीस. लई शानी हायस की."

नणंद हसायला लागली. तिला हसू आलं की बाळ दचकतं, म्हणून कोणीतरी बाळ उचललं. विहीणबाईंना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्या फुलांच्या माळा नीट करण्यात एकदम गुंतल्या. माझे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. आमच्या घरात हे दोन्ही बहुधा एकदमच येतात.

आत्या पाळण्याशेजारी खाली बसल्या. पिशवीतून सुई काढली आणि तिच्या टोकानं माझी गाठ उचलली. मग एकेक धागा ओढून काढायला लागल्या, जपून, शेजारच्या खांबाला धक्का न लावता. उभ्या जन्मात त्यांनी कापडातलं भोक उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. शेवटचा धागा निघाला तसं पुन्हा उजेडाचा ठिपका दिसला. त्यांनी त्यावर फुंकर मारली, खडू झटकला आणि पांघरूण पाळण्यावर घातलं.

पुढे नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, उन्हात पाहुण्यांना बस मिळेपर्यंत बाहेर उभं राहायला मी आणि नवरा गेलो. जाताना विहीणबाईंनी त्यांच्या धाकटीच्या पांघरुणाची आठवण केली. त्यात किती जाळी ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा, असंही म्हणाल्या.

आता भाची चालायला लागली आहे. पांघरूण पाळण्यावर नसतं, तिच्या मागे जमिनीवरून फरफटत असतं. वेळापूरच्या घरभर ती ते ओढत नेते आणि तिचं बोट कायम त्या एकाच घरात अडकवलेलं असतं, म्हणून ते हातातून सुटत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल येतो. दात किती आले, ताप आहे का, जेवते का, हे आत्या विचारतच नाहीत. कोपरा दाखव म्हणतात. नणंद मोबाईल जवळ नेते. आत्या चष्मा वर करून बघतात.

"मोठं झालंय," त्या म्हणतात. "झालंय तर झालंय. बुजवू नका म्हनावं."

मग मोबाईल माझ्या हातात देतात आणि मी काय विणतेय ते उजेडाला धरून बघायला घेतात.